'डिसीव्ह' हे क्रियापद कुठे वापरावे आणि कुठे वापरू नये

गेल्या मे महिन्यात बंगळूरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने घरपोच आंबे मागवले. पेटी २ डझनांची होती, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'देवगड' असे छापलेले होते आणि झाकण उघडताच दिसणारा वरचा थर पाहून कोणालाही आनंद व्हावा असा होता. पेंढा बाजूला केल्यावर खालचा थर निघाला, तो जाड सालीचा, जवळजवळ बिनवासाचा आणि कापल्यावर फिकट पिवळा. विक्रेता मराठी नसल्याने तक्रार इंग्रजीतच करावी लागणार होती, म्हणून भावाने १४ ओळींचा मजकूर लिहून मला तपासायला पाठवला. त्यात 'डिसीव्ह' हे क्रियापद ६ वेळा आले होते आणि त्यांपैकी ४ ठिकाणी ते चुकले होते. पहिलेच वाक्य असे होते: "आय डिसीव्ह्ड बाय युवर शॉप ऑफ रुपीज फोर हंड्रेड."

दोष त्याचा एकट्याचा नाही. शाळेत आपण 'डिसीव्ह म्हणजे फसवणे' एवढेच पाठ करतो आणि पुढे मनात 'फसवणे' आले, की हात आपोआप 'डिसीव्ह'कडे जातो. मराठीतले 'फसवणे' मात्र फार ऐसपैस आहे. भाव वाढवून घेणारा फसवतो, खोटे सांगणारा फसवतो, वचन मोडणारा फसवतो आणि वजनात मारणाराही फसवतो. 'डिसीव्ह'चा संसार त्यामानाने लहान आहे. जे खरे नाही ते खरे आहे अशी दुसऱ्याची समजूत करून देणे, एवढाच त्याचा अर्थ. पैसे गेले की नाही, नुकसान झाले की नाही, हा त्याच्या दृष्टीने पुढचा प्रश्न असतो. हा एक फरक हाताशी ठेवला, तर खालच्या बहुतेक पायऱ्या सोप्या जातात.

पहिली पायरी: लिहिणे आणि उच्चारणे

या शब्दाचे लेखन डी, ई, सी, ई, आय, व्ही, ई असे आहे. चूक बहुधा मधल्या 'ई' आणि 'आय' यांच्या क्रमात होते, कारण 'बिलीव्ह' या ओळखीच्या शब्दात तो नेमका उलटा आहे. 'सी'नंतर हा दीर्घ 'ई'चा उच्चार आला, की 'ई' आधी आणि 'आय' मागून, हा शाळेतला नियम इथे बिनचूक लागू पडतो. 'रिसीव्ह', 'पर्सीव्ह', 'कन्सीव्ह' आणि 'सीलिंग' हे सारे त्याच ओळीत बसतात.

उच्चारात पहिले अक्षर हलके आणि ऱ्हस्व, तर जोर दुसऱ्या, दीर्घ 'सी'वर असतो. भूतकाळी रूप 'डिसीव्ह्ड' असे एका दमात म्हणायचे, त्याचे 'डिसिव्हेड' करायचे नाही. याच्या अगदी जवळचा आणि घोटाळा करणारा शब्द म्हणजे 'डिसीस्ड', अर्थात मृत. वारसाच्या अर्जात वडिलांच्या नावामागे 'डिसीव्ह्ड' असे लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. त्या वाक्यातून वडील वारले असा नव्हे, तर त्यांना कोणीतरी फसवले असा अर्थ निघत होता.

या घराण्यातली नामे 'डिसीट' आणि 'डिसेप्शन' अशी दोन आहेत. 'डिसीट'मध्ये 'पी' हे अक्षर नाही, पण त्याच लॅटिन मुळाच्या 'रिसीट'मध्ये मात्र न उच्चारला जाणारा 'पी' बसवलेला आहे. असे का, याला तर्कशुद्ध उत्तर नाही, म्हणून पाठ करणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरी पायरी: शब्दाचा गाभा ओळखणे

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या 'देचिपेरे'वरून. त्यातला 'कापेरे' हा धातू पकडणे, धरणे या अर्थाचा आहे. म्हणजे मुळात कल्पना सापळ्याची होती. आपल्या 'फसणे'मध्येही फास ऐकू येतो, तेव्हा आरंभी दोन्ही शब्द एकाच रानात वाढले असे वाटावे. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मराठीने सापळा जमिनीवरच ठेवला. चाक चिखलात फसते, बेत फसतो, प्रयोग फसतो आणि माणूसही फसतो. इंग्रजीने तो सापळा मनात नेऊन ठेवला. त्यामुळे 'बेत फसला' किंवा 'गाडी फसली' यांच्या भाषांतरात 'डिसीव्ह'ला जागाच नाही. पहिल्या ठिकाणी 'फेल्ड' आणि दुसऱ्या ठिकाणी 'गॉट स्टक' म्हणावे लागते.

समजुतीवर बेतलेल्या या अर्थाचा एक परिणाम मराठी माणसाच्या सहजी लक्षात येत नाही. 'तो मला फसवत होता, पण मी फसलो नाही' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, कारण आपले 'फसवत होता' हे रूप प्रयत्नालाही पुरते. इंग्रजीत "ही डिसीव्ह्ड मी" असे म्हटले, की तुमचा विश्वास बसला हे त्यातच आले. "ही डिसीव्ह्ड मी, बट आय डिड नॉट बिलीव्ह हिम" हे वाक्य म्हणूनच स्वतःचेच म्हणणे खोडून काढते. तुम्ही सावध राहिला असाल, तर "ही ट्राइड टू डिसीव्ह मी" असेच म्हटले पाहिजे. तक्रारअर्जात हा फरक किरकोळ नसतो, कारण फसवण्याचा प्रयत्न झाला आणि फसवणूक झाली या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

तिसरी पायरी: खोटे बोलणे वेगळे काढणे

'लाय', म्हणजे खोटे बोलणे, ही बोलणाऱ्याची कृती आहे, तर 'डिसीव्ह' हा ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम आहे. खोटे बोलूनही समोरचा फसत नाही आणि एकही शब्द खोटा न बोलता त्याला फसवता येते. आपल्याकडे याचे उदाहरण घरोघरी ठाऊक आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि द्रोणाचार्यांनी विचारल्यावर युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे सांगितले, हत्तीचा उल्लेख मात्र त्यांच्या कानी पडणार नाही अशा बेताने केला. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार आपण त्यावरूनच वापरतो. या प्रसंगाचे इंग्रजीत वर्णन करताना युधिष्ठिर खोटे बोलला का, यावर वाद घालता येईल, पण "ही डिसीव्ह्ड द्रोण" या वाक्यावर वाद होऊ शकत नाही. आपला पुत्र गेला असे द्रोणांना वाटले आणि ते तसे वाटावे हाच हेतू होता.

गप्प राहूनही 'डिसीव्ह' करता येते. आंब्यांच्या पेटीतल्या खालच्या थराबद्दल विक्रेता एक अक्षरही बोलला नव्हता, तरी वरच्या थरानेच तो काय हवे ते बोलून गेला होता.

चौथी पायरी: वाक्यात बसवणे

सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. मराठीत 'फसणे' आणि 'फसवणे' अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, इंग्रजीत 'डिसीव्ह' हे एकच असून ते दुसऱ्यापैकी, म्हणजे 'फसवणे'च्या जातीचे आहे. त्यामुळे 'मी फसलो' या अर्थी "आय डिसीव्ह्ड" असे लिहिले, तर आपण स्वतःच दुसऱ्याला फसवल्याची कबुली देऊन मोकळे होतो. योग्य वाक्य "आय वॉज डिसीव्ह्ड" असे आहे. माझ्या भावाच्या पहिल्या वाक्यात एवढा एक 'वॉज' राहिला होता आणि तेवढ्यावर फिर्यादी आरोपी झाला होता.

कर्म थेट येते, मध्ये कोणतेही शब्दयोगी लागत नाही. 'ग्राहकांना फसवले' मधल्या 'ना'मुळे आपल्याला 'टू' घालावेसे वाटते, पण "दे डिसीव्ह्ड टू कस्टमर्स" हे चूक आहे आणि "दे डिसीव्ह्ड कस्टमर्स" हे बरोबर. कशाबद्दल फसवले हे सांगायचे असेल, तर 'अबाउट' घ्यावे: "दे डिसीव्ह्ड अस अबाउट द ओरिजिन ऑफ द फ्रूट", म्हणजे फळ कुठले आहे याबद्दल त्यांनी आमची फसवणूक केली.

फसवून काय करायला लावले, हे सांगण्याची रचना सर्वांत उपयोगी आहे आणि ती आपल्याकडे फारच कमी वापरली जाते. कर्मानंतर 'इंटू' आणि त्यानंतर क्रियापदाचे 'इंग' लागलेले रूप, असा तिचा साचा आहे. "दे डिसीव्ह्ड मी इंटू बायिंग द बॉक्स" म्हणजे त्यांनी खोटी समजूत करून देऊन मला ती पेटी घ्यायला लावली. समजूत आणि कृती या दोन्ही गोष्टी इथे एकाच वाक्यात येतात. याच जागी "डिसीव्ह्ड मी टू बाय" असे लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा.

कर्म अजिबात न घेताही हे क्रियापद येते, विशेषतः हेतू सांगताना. "विथ इन्टेन्ट टू डिसीव्ह", म्हणजे फसवण्याच्या इराद्याने, ही शब्दयोजना अर्ज, करार आणि निकालपत्रे यांत वारंवार भेटते. कर्ता निर्जीवही असू शकतो आणि तेव्हा हेतूचा प्रश्नच उद्भवत नाही. "डू माय आइज डिसीव्ह मी?" हे वाक्य अनपेक्षित माणूस समोर दिसल्यावर म्हटले जाते, म्हणजे 'मी पाहतोय ते खरंच ना?' तसेच 'मला नीट आठवत असेल तर' या अर्थी स्मृतीला कर्ता करून "अनलेस माय मेमरी डिसीव्ह्ज मी" असे म्हणतात.

स्वतःलाच कर्म करून "डोन्ट डिसीव्ह युअरसेल्फ" असे म्हटले, की त्याचा अर्थ स्वतःची समजूत घालत बसू नकोस असा होतो. अस्सल देवगड हापूस घरपोच मिळेल असे ज्याला सहज वाटले, त्याने थोडेसे स्वतःलाही 'डिसीव्ह' केलेले असते. हे मी भावाला अर्थातच बोलून दाखवले नाही.

पाचवी पायरी: शेजारच्या क्रियापदांतून निवड करणे

आता ती पेटी पुन्हा समोर घेऊ, कारण एकाच पेटीबद्दल किमान चार वेगळी वाक्ये होतात आणि प्रत्येकाला वेगळे क्रियापद लागते.

भावाचे खरे दुःख ४०० रुपयांचे होते. साध्या आंब्यांना त्याने देवगडच्या हिशोबाने तेवढे जास्त मोजले होते. हे 'चीट'चे क्षेत्र आहे. "दे चीटेड मी आउट ऑफ फोर हंड्रेड रुपीज", म्हणजे त्यांनी मला ४०० रुपयांना बुडवले. ओळखण्याची एक सोपी कसोटी मराठीतच पडून आहे. वर्तमानपत्रांत आपण 'अमुक लाखांचा गंडा घातला' असे वाचतो, पण 'अमुक लाखांची दिशाभूल केली' असे कधी वाचत नाही. 'गंडा' रकमेसकट येतो आणि 'दिशाभूल' रक्कम घेत नाही. इंग्रजीतही 'चीट' आणि 'डिफ्रॉड' रक्कम घेतात, 'डिसीव्ह' आणि 'मिसलीड' घेत नाहीत. वाक्यात रुपयांचा आकडा घालायचा असेल, तर 'डिसीव्ह' बाजूला ठेवावे.

पेटीवरचा 'देवगड' हा शब्द आंब्याच्या प्रतीबद्दल आहे, की ते दुकानाचे नाव आहे, हे शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही. अशा वेळी 'मिसलीड' हा शब्द जास्त सुरक्षित आणि जास्त अचूकही ठरतो. चुकीच्या दिशेने नेणे हा त्याचा अर्थ असून त्यात हेतू असेलच असे नाही. अर्धवट माहिती, जुना नकाशा, घाईत लिहिलेली पाटी हे सारे 'मिसलीड' करू शकतात. गावाकडे रात्री वाट चुकून माणूस त्याच त्या बांधावरून फिरत राहिला, की त्याला चकवा लागला असे म्हणतात, 'मिसलीड'चे चित्र मला तरी तसेच दिसते. याच्या भूतकाळी रूपातून 'ए' गळून पडतो आणि उच्चार 'मिसलेड' असा होतो. लिहिलेले रूप पाहून ते 'मायझल' नावाच्या कोणत्यातरी क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे, अशी समजूत अनेक वर्षे बाळगणारे खुद्द इंग्रजी वाचकही भेटतात.

वरचा थर पाहून भावाने घाईने 'आंबे छान आहेत' असा अभिप्राय टाकून दिला होता, त्याबद्दल त्याला "आय वॉज टेकन इन" असे म्हणता येईल. बोलीतला हा प्रयोग 'मी भुललो' याच्या फार जवळ आहे. मित्राला गंमत म्हणून बनवले असेल, तर 'फूल' किंवा 'ट्रिक' पुरते, तिथे 'डिसीव्ह' घातले तर थट्टेचा उगाच गुन्हा होतो. जोडीदाराशी अप्रामाणिक राहण्याला आजच्या बोलीत 'चीट ऑन' म्हणतात, आणि त्यातला 'ऑन' गाळता येत नाही. विश्वास टाकलेल्या माणसाने दगा दिला तर 'बिट्रे' वापरावे. इथे हिंदीचा एक फास आहे. हिंदीतल्या 'धोखा देना'च्या वळणावर मराठीत 'धोका दिला' असे सर्रास लिहिले जाऊ लागले आहे, आणि मग त्याचे इंग्रजी करताना 'बिट्रे'च्या जागी 'डिसीव्ह' येते. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. माणूस देतो तो दगा.

उरलेल्या भावंडांपैकी 'हूडविंक' मला सर्वांत आवडते. डोळ्यांवर टोपडे ओढून ते बंद करणे हा त्याचा मूळ अर्थ, त्यामुळे 'डोळ्यांत धूळ फेकणे' हा त्याचा सख्खा मराठी भाऊ ठरतो. 'कॉन' हे 'कॉन्फिडन्स'चे संक्षिप्त रूप आहे. १८४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक भामटा रस्त्यात सभ्य गृहस्थांना गाठून गप्पा मारी आणि 'तुमचे घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास तुम्हाला माझ्याबद्दल वाटतो का?' असे विचारून घड्याळ घेऊन पसार होई. वृत्तपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले आणि त्याचेच पुढे 'कॉन मॅन' झाले. आधी विश्वास संपादन करून मग गंडा घालणे, एवढा नेमका अर्थ असेल तरच 'कॉन' वापरावे. 'डिल्यूड' हे मात्र बहुतेक वेळा स्वतःच्याच भ्रमाबद्दल येते.

सहावी पायरी: नामे आणि विशेषणे

'डिसीट' आणि 'डिसेप्शन' या दोन नामांची अदलाबदल नेहमी चालत नाही. 'डिसीट'मध्ये कपट आहे, त्यात दोषारोप आलाच. 'डिसेप्शन' ही कृती किंवा युक्ती आहे, आणि ती निर्दोषही असू शकते. जादूगाराचा खेळ 'डिसेप्शन' असतो, 'डिसीट' नसतो.

विशेषणांत हाच फरक आणखी ठळक होतो. 'डिसीटफुल' माणसाला लागते आणि 'डिसेप्टिव्ह' प्रामुख्याने वस्तूला, दिसण्याला, आकड्यांना किंवा जाहिरातीला. भावाने आपल्या मजकुरात "डिसीटफुल मँगोज" असे लिहिले होते. आंबा कपटी नसतो. त्याचे दिसणे फसवे असते, म्हणून तिथे 'डिसेप्टिव्ह' हवे. "अपिअरन्सेस कॅन बी डिसेप्टिव्ह" या इंग्रजी म्हणीला 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही आपली म्हण तंतोतंत जुळते, आणि आपल्या म्हणीत यमक अधिकचे मिळते.

'डिसेप्टिव्हली' या क्रियाविशेषणापासून मात्र सावध राहावे. "डिसेप्टिव्हली शॅलो" असे वर्णन केलेले तळे दिसते त्यापेक्षा उथळ आहे, की उथळ दिसते पण खोल आहे? इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येच यावर एकमत नाही. तळ्याकाठच्या पाटीवर तर हा शब्द चुकूनही घालू नये.

सातवी पायरी: कायद्याच्या कागदात हा शब्द वाचणे

ज्यांना इंग्रजी कागदपत्रे वाचावी लागतात, त्यांनी ही पायरी घाईने ओलांडू नये, कारण 'डिसीव्ह' आणि 'चीट' यांच्यातला फरक इतका स्वच्छ अन्यत्र क्वचितच दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४१५ 'चीटिंग'ची व्याख्या करत असे आणि तिची सुरुवातच "बाय डिसीव्हिंग एनी पर्सन" या शब्दांच्या आधाराने होत असे. एखाद्याला 'डिसीव्ह' करून, कपटाने किंवा अप्रामाणिकपणे त्याला मालमत्ता द्यायला प्रवृत्त केले, तर ते 'चीटिंग' ठरते. म्हणजे 'डिसीव्ह' हे साधन झाले आणि 'चीट' हा त्या साधनाने घडलेला गुन्हा. संहितेच्या मराठी रूपात 'चीटिंग'साठी 'ठकवणूक' हा शब्द घेतला आहे, आणि वर्तमानपत्रे तिथे 'फसवणूक' लिहितात. इतके दिवस तोंडात रुळलेले 'चारसोबीस' याच प्रकरणातल्या ४२० व्या कलमातून आले. त्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात हा विषय कलम ३१८ खाली येतो.

त्या कलमाबरोबर दिलेली उदाहरणे तर भाषेच्या वर्गात शिकवावीत अशी आहेत. एका उदाहरणात 'अ' आपण सनदी सेवेत असल्याचा खोटा बहाणा करून 'झ'ला 'डिसीव्ह' करतो आणि पैसे द्यायचे नसताना उधारीवर माल घेतो. तेथे "ए चीट्स" असा निष्कर्ष दिला आहे. दुसऱ्यात 'अ' निळीच्या पिकाचा पुरवठा करण्याचे सांगून आगाऊ पैसे घेतो. घेतानाच पुरवठा करण्याचा इरादा नसेल, तर ती ठकवणूक आहे, पण पैसे घेताना इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर ती ठकवणूक नाही, तो केवळ दिवाणी वाद होतो. 'त्याने शब्द पाळला नाही' या अर्थी "ही डिसीव्ह्ड मी" का लिहू नये, याचे उत्तर या निळीच्या उदाहरणात आहे. शब्द देतानाच मनात खोट असली पाहिजे. वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपवणे हेही 'डिसेप्शन'च आहे, असे त्याच कलमाखालचे स्पष्टीकरण सांगते. तेव्हा वरच्या थराबद्दल आपण मघाशी म्हटले ते कायद्यालाही अमान्य नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये मात्र जाहिरातींसाठी 'मिसलीडिंग' हा शब्द निवडला आहे. कलम २ च्या उपकलम २८ नुसार वस्तूचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात त्यात मोडते, आणि वस्तूचे स्वरूप, प्रमाण किंवा दर्जा यांबद्दल ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असला, तरी ते पुरते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये 'डिसेप्टिव्हली सिमिलर', म्हणजे गल्लत व्हावी इतके सारखे दिसणारे चिन्ह, अशी संज्ञा आहे. फसगत किंवा गोंधळ होण्याचा संभव आहे का, हे तिथे पाहिले जाते.

आठवी पायरी: उलट दिशेने, मराठीत आणताना

इंग्रजीतले 'डिसीव्ह' मराठीत आणताना प्रत्येक वेळी 'फसवणे' लिहिणे हाही आळसच आहे. सरकारी किंवा वैचारिक मजकुरात 'दिशाभूल करणे' शोभते, पण तिथे हेतू स्पष्ट असेल तर 'फसवणूक करणे' हेच घ्यावे. कथेतला गावरान माणूस बोलत असेल तर 'गंडवणे', 'टोपी घालणे', 'शेंडी लावणे' किंवा 'मामा बनवणे' यांपैकी जे त्याच्या तोंडी बसेल ते घ्यावे. 'डिसीव्ह्ड बाय हर स्माइल' यासाठी 'तिच्या हसण्याने फसवला गेलो' असे लिहिले, तर वाचकाला भाषांतराचा वास येतो. 'तिच्या हसण्याला भुललो' पुरेसे आहे. कर्मणी प्रयोगाचे ओझे मराठीने उगाच वाहू नये, 'तो विक्रेत्याकडून फसवला गेला' यापेक्षा 'विक्रेत्याने त्याला फसवले' हेच खरे मराठी.

शेवटी तो अर्ज

भावाच्या १४ ओळींच्या शेवटी ५ ओळी उरल्या. पहिल्या दोन वाक्यांत केवळ मागणीचा दिनांक, पेटीचा आकार आणि भरलेली रक्कम ठेवली. तिसरे वाक्य असे झाले: "द लेबल अँड द टॉप लेयर मिसलेड मी इंटू बिलीव्हिंग दॅट ऑल द फ्रूट वॉज फ्रॉम देवगड." लेबल आणि वरचा थर यांनी सारीच फळे देवगडची असल्याचा माझा समज करून दिला, इतकेच त्यात म्हटले. विक्रेत्याच्या मनात काय होते हे आपल्याला सिद्ध करता येत नव्हते, म्हणून 'डिसीव्ह'ऐवजी 'मिसलीड' आणि माणसाऐवजी लेबल हा कर्ता. चौथ्या वाक्यात भौगोलिक मानांकनाचा उल्लेख केला, कारण हापूसला २०१८ मध्ये ते मिळाले तेव्हा सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला, आणि पेटीवर या जिल्ह्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. पाचव्यात ४०० रुपये परत मागितले.

भावाला ते फार मवाळ वाटले. कुठेतरी एकदा तरी 'डिसीव्ह' हवेच, असा त्याचा हट्ट होता. मग असे ठरले, की विक्रेत्याने खालच्या थराची छायाचित्रे पाहूनही 'सगळी फळे देवगडचीच आहेत' असे लेखी उत्तर दिले, तर दुसऱ्या पत्रात ते क्रियापद घालायचे, आणि तेव्हाही "ट्राइंग टू डिसीव्ह" असे, कारण एव्हाना भावाचा त्यांच्यावर विश्वास उरलेला नसणार.